आधी शेपूट, मग नाक

प्रश्न : आमच्या मॉडेल रॉकेटचं वजन मोटर सोडून १४० ग्रॅम भरतं. स्पर्धेसाठी ते ११५ वर आणायचंय. चार फिन्स (शेपटीचे पंख) ३ मिमी प्लायवूडच्या आहेत, नाकात क्ले भरली आहे. क्ले काढून टाकली तर चालेल का?

उत्तर : क्लेला आत्ता हात लावू नका. ती काढली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे निदान नळीच्या व्यासाएवढा तो राहिला नाही, तर रॉकेट उड्डाणाचा आधारदांडा (रॉड) सोडताच गिरक्या घेतं.

आधी शेपूट हलकं करा. एक फिन ३० चौ. सेंमीची धरली तर चार प्लाय फिन्स साधारण २४ ग्रॅमच्या होतात. त्याच मापाच्या बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) ६ ग्रॅममध्ये, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवून ९ ग्रॅममध्ये बसतात. वाचले १५. आकार तोच, म्हणून दाबकेंद्रही जागच्या जागी. आता मोटर भरलेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्यापासून फिन्स २० सेंमी मागे आणि क्ले ३० सेंमी पुढे असेल, तर १५ × २० ÷ ३० = १० ग्रॅम क्ले खुशाल काढा; गुरुत्वमध्य हलणार नाही. तुमचे २५ ग्रॅम इथेच निघाले!

बाल्सा कापताना लाकडाच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा. आडव्या रेषांची फिन उतरताना मुळाशी मोडते. कागद दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावा, पांढरा वूड ग्लू जुन्या कार्डाने अगदी पातळ ओढा आणि प्लॅस्टिकमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. एकच बाजू आधी लावली तर फिन हमखास वाकते. फिनच्या मुळाशी इपॉक्सीचे जाड थर कशाला? या आकाराला वूड ग्लूचे दोन पातळ हात पुरतात.

शॉक कॉर्ड (नाक आणि नळी जोडून ठेवणारी दोरी) आणि वॅडिंग (पॅराशूटला जळण्यापासून वाचवणारा कागद) यांत मात्र काटकसर नको.

प्रश्न : मग जितकं हलकं तितकं उंच, असंच ना?

उत्तर : नाही. फार हलकं रॉकेट मोटर विझल्यावर हवेच्या रोधाने लवकर मंदावतं. त्यामुळे ठरावीक मोटरला ठरावीक वजनच सर्वाधिक उंची देतं; ते ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वजन बदलत काढा. तिथेच डिलेही, म्हणजे मोटर विझल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचा वेळही, तपासा. वजन उतरलं की सी६-५ ऐवजी सी६-७ मोटर लागू शकते (शेवटचा आकडा म्हणजे डिलेचे सेकंद). पॅराशूट रॉकेट वेगात असतानाच उघडलं, तर कॉर्ड नळीला वरून खालपर्यंत चिरत जाते.