पिवळा रंग गेला म्हणजे थायॉल आलं असं नाही

तुमचा प्रश्न मला असा कळला: डोडेसिलवाला (बारा कार्बनच्या शेपटीचा) पिवळा ट्रायथायोकार्बोनेट घेऊन राफ्टने (साखळीची लांबी ताब्यात ठेवणारं पॉलिमरायझेशन) १०,००० च्या आसपासच्या रेणुभाराचा पीनिपाम (गरम केल्यावर पाण्याबाहेर येणारा पॉलिमर) केलात, थायॉल (गंधक-हायड्रोजनचं टोक) मिळावं म्हणून ब्यूटिलअमाइनने ट्रायथायोकार्बोनेटचं टोक तोडलंत, डी-टू-ओमधल्या (जड पाण्यातल्या) एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारं मापन) डोडेसिल दिसत नाही, पण एलमन टेस्टमध्ये (थायॉलशी रंग देणाऱ्या रीएजंटची चाचणी) थायॉल जेमतेम ३० टक्के. खरं कुणाचं?

एनएमआर आधी बाजूला ठेवा. बारा कार्बनची ती शेपटी पाण्यात मोकळी राहतच नाही. टोकं एकत्र येऊन मायसेलच्या (रेणूंच्या गोळ्याच्या) पोटात दडतात, हालचाल मंदावते, पीक पसरट होऊन बेसलाइनमध्ये विरतो. न तोडलेला मूळ पॉलिमर डी-टू-ओत टाकून बघा, शेपटीच्या टोकाचा ०.८८ पीपीएमचा मिथाइल पीक तिथेही खुजाच दिसेल. डीएमएसओ या द्रावकातही कटकट आहे: ३.३ ला पाण्याचा पीक, आणि गंधकाशेजारचा सीएच-टू नेमका तिथेच. मी ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म घेतो; पीनिपाम त्यात छान विरघळतो. तरीही सुमारे ८५ युनिटांमागे एक टोक, तेव्हा इंटिग्रेशनवर फार जीव टाकू नका.

त्यापेक्षा यूव्ही (अतिनील प्रकाशाचं शोषण) मोजा. मिलीलीटरला १ मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या पॉलिमरची ०.१ मिलिमोलर टोकं. ३१० नॅनोमीटरला ट्रायथायोकार्बोनेट शिल्लक असेल तर शोषण १ च्या वर सहज जातं. ते सपाट झालं तर जुनं टोक गेलं. त्याच्या जागी काय आलं, हे मात्र यूव्ही सांगत नाही.

एलमनचं गणित: क्युव्हेटमध्ये तेवढीच सांद्रता असेल तर सगळी टोकं थायॉल असताना ४१२ नॅनोमीटरला शोषण १.४ यायला हवं. तुम्हाला ०.४ आलंय. उरलेलं बहुतेक डायसल्फाइड (दोन थायॉलची गंधक-गंधक जोडी) झालंय. अमाइनमुळे माध्यम अल्कधर्मी, त्यात हवा लागली की थायॉल जोड्या लावतातच. जीपीसीत (रेणूंच्या आकारावरून वजन सांगणारं मापन) दुप्पट वजनाला खांदा दिसतोय का बघा. दिसला तर टीसेप (डायसल्फाइड तोडून थायॉल परत देणारं रसायन) घाला, पण एलमनआधी आम्लधर्मी पाण्यात, नायट्रोजनखाली डायलिसिस (पडद्यातून लहान रेणू बाहेर काढणं) करून तो पूर्ण काढा. टीसेप एलमनचा रीएजंटच फोडतो आणि आकडा फुगतो.

आकडा फुगायची आणखी एक गंमत माझ्या अंगाशी आलीये. मे महिना, एसी बंद, आणि मला ११० टक्के थायॉल! क्युव्हेट उजेडात धरली तर आत ताकासारखं. पीनिपाम ३२ अंशांच्या आसपास पाण्याबाहेर येतो, फॉस्फेट बफरमध्ये त्याच्याही आधी. तो गढूळपणाच ४१२ ला शोषण म्हणून मोजला गेला होता. तेव्हापासून क्युव्हेट २० अंशांवर ठेवतो आणि रीएजंटशिवायच्या पॉलिमरचा ब्लँक (वजा करायचं मापन) घेतो.

जीपीसीचा ग्राफ टाका, आणि अमाइन घातल्यावर फ्लास्क किती वेळ उघडा होता तेही लिहा.