शर्यतीत असलेल्या बेसबॉल संघाने आपला अनुभवी आउटफिल्डर हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या संघाला द्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की, प्लेऑफच्या (म्हणजे ऑक्टोबरमधील बाद फेरीच्या) शर्यतीत असलेल्या संघाकडे करार संपत आलेला एखादा मुरलेला आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) असेल, तर जुलैअखेर त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवून मोबदल्यात काही पदरात पाडून घ्यावे, की ऑक्टोबरपर्यंत त्याला हाताशी ठेवावे. माझे मत असे आहे की त्याला द्यायला हरकत नाही, पण एकाच अटीवर: त्याची जागा दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात घेऊ शकेल असा, जवळपास तेवढ्याच ताकदीचा खेळाडू त्याच दिवशी हाती येत असला पाहिजे. तसा खेळाडू येत नसेल, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्याचा हा व्यवहार मी कधीही करणार नाही.

मी वीस वर्षांहून अधिक काळ बॉस्टनच्या परिसरात राहत आहे आणि हे मत माझ्या मनात ज्या घटनेमुळे पक्के झाले ती याच शहरातली आहे. २००८ च्या जुलैमध्ये बॉस्टन रेड सॉक्स हा आदल्या वर्षीचा विजेता संघ होता आणि पुन्हा शर्यतीत होता. लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे आउटफिल्डच्या डाव्या भागात, ३६ वर्षांचा मॅनी रामिरेझ खेळत असे. बॉस्टनचा विजेतेपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या २००४ च्या वर्ल्ड सिरीजमधील (अंतिम मालिकेतील) सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला होता आणि ३१ मे २००८ रोजी त्याने आपले ५०० होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) पूर्ण केले होते. त्याच मे महिन्यातील बाल्टिमोरचा एक क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. केविन मिलारने मारलेला उंच फटका मॅनीने भिंतीकडे धावत जाऊन झेलला, त्याच झोकात भिंतीवर पाय देऊन तो वर चढला, वरच्या रांगेतील एका प्रेक्षकाच्या हातावर त्याने टाळी दिली, आणि खाली उतरून चेंडू असा फेकला की पहिला बेस (धाव पूर्ण करताना गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिला) सोडून पुढे गेलेला धावपटूही बाद झाला. असा खेळाडू शहराला किती जवळचा वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही जुलै संपेपर्यंत त्याचे आणि क्लबचे पुरते बिनसले होते. ८ वर्षांच्या आणि १६ कोटी डॉलरच्या त्याच्या कराराचे ते अखेरचे वर्ष होते, आणि पुढील दोन वर्षांसाठी प्रत्येकी २ कोटी डॉलर देऊन त्याला ठेवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार क्लबकडे होता. ही टांगती तलवार त्याला नको होती. त्यात गुडघेदुखीमुळे तो काही सामन्यांत खेळला नाही, आणि त्या दुखण्यावरूनही वाद झाला. ३१ जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, तीन संघांचा व्यवहार झाला: मॅनी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, पिट्सबर्गचा लेफ्ट फील्डर जेसन बे बॉस्टनला आला, आणि पिट्सबर्गला चार तरुण खेळाडू मिळाले. मॅनीच्या उरलेल्या पगाराचे सुमारे ७० लाख डॉलरही बॉस्टननेच भरले.

दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, फेनवे पार्कवर ओकलंडविरुद्धचा सामना नेहमीच्या नऊ डावांनंतरही बरोबरीत राहून बाराव्या डावापर्यंत लांबला. दोन गडी बाद झालेले असताना बेने लेफ्ट फील्डमागील त्या ३७ फूट उंच हिरव्या भिंतीवर चेंडू मारला आणि तो तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. पाठोपाठ जेड लाउरीच्या इन्फिल्डमधल्याच (बेसजवळच्या भागातल्याच) एका फटक्यावर त्याने विजयी धाव घेतली आणि बॉस्टनने सामना २-१ असा जिंकला. आदल्या दिवशी ज्या जागेसाठी आम्ही हळहळत होतो, त्याच जागेवर आलेल्या माणसाने चोवीस तासांत सामना जिंकून दिला होता.

केवळ बॅटचा हिशेब मांडला तर व्यवहारात बॉस्टनचे नुकसानच झाले, हे मान्य केले पाहिजे. डॉजर्सकडून ५३ सामन्यांत मॅनीने .३९६ च्या सरासरीने (हजार संधींमागे ३९६ यशस्वी फटके) १७ होम रन मारले आणि ५३ धावा घडवून आणल्या; ३१ जुलैला ५४ विजय आणि ५४ पराभव अशा स्थितीत असलेला तो संघ त्याच्या बळावर आपल्या विभागात पहिला आला. बेने बॉस्टनकडून ४९ सामन्यांत .२९३ च्या सरासरीने ९ होम रन मारले. पण तुलना लॉस एंजेलिसमध्ये मोकळा झालेल्या मॅनीशी करू नये, असे मला वाटते, कारण तो मॅनी बॉस्टनला उपलब्धच नव्हता. बॉस्टनपुढे एका बाजूला क्लबशी बोलणे तुटलेला मॅनी होता आणि दुसऱ्या बाजूला रोज मैदानात उतरणारा, २००९ साठीही करारबद्ध असलेला २९ वर्षांचा बे होता. संघ ९५ विजयांसह प्लेऑफमध्ये पोहोचला. तिथे एंजल्स संघाविरुद्धच्या मालिकेतील निर्णायक धाव पुन्हा लाउरीच्या फटक्यावर बेनेच दुसऱ्या बेसवरून धावत येऊन घेतली, आणि पुढच्या मालिकेत टॅम्पा बे या शहराच्या संघाकडून सातव्या सामन्यात पराभव झाला तेव्हा बॉस्टन वर्ल्ड सिरीजपासून एक विजय दूर होता. पुढच्या वर्षी बेने ३६ होम रन मारले. मॅनी गेल्याचे दुःख मला आजही आहे आणि तरीही तो व्यवहार योग्यच होता, असे मी म्हणतो.

आता याच्या उलट घडलेले पाहा. २०१४ च्या ३१ जुलैला ओकलंड अॅथलेटिक्सच्या नावावर ६६ विजय आणि ४१ पराभव होते, आणि संपूर्ण मेजर लीगमध्ये त्याहून चांगली कामगिरी कोणाचीही नव्हती. त्या दिवशी त्यांनी योएनिस सेस्पेडेस हा आपला तडाखेबंद लेफ्ट फील्डर बॉस्टनला दिला आणि जॉन लेस्टर हा अव्वल पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) घेतला. सेस्पेडेस २८ वर्षांचा होता, त्यामुळे त्याला बुजुर्ग म्हणता येणार नाही, पण तो त्या संघाच्या बॅटिंगचा कणा होता. त्याच व्यवहारात जॉनी गोम्स आला आणि दुसऱ्या व्यवहारातून सॅम फल्ड आला. दोघेही आउटफिल्डर असले तरी रोजच्या लाइनअपमध्ये सेस्पेडेसचा वचक भरून काढणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. उरलेल्या ५५ सामन्यांपैकी ओकलंडने २२ जिंकले आणि ३३ गमावले, विभाग एंजल्सने नेला, आणि विभाग न जिंकलेल्या संघांसाठी असलेल्या, कॅन्सस सिटीविरुद्धच्या एकमेव वाइल्ड कार्ड सामन्यात बाराव्या डावात ९-८ असा त्यांचा हंगाम संपला. आठव्या डावाच्या सुरुवातीला ते ७-३ असे पुढे होते आणि पिचिंग करत होता तो ज्याच्यासाठी हे सारे केले तोच लेस्टर.

न्याय्य बोलायचे तर या घसरणीला एकट्या सेस्पेडेसचे जाणे कारणीभूत नव्हते. दुखापतीही होत्या, आणि लेस्टरने ओकलंडकडून दर नऊ डावांमागे सरासरी २.३५ धावाच देण्याची उत्तम कामगिरी केली. पण सामन्याची सुरुवात करणारा स्टार्टिंग पिचर पाच दिवसांतून एकदा येतो, तर आउटफिल्डर रोज खेळतो आणि सामन्यात चार-पाच वेळा बॅटिंगला येतो. पिचिंग आधीच भक्कम असलेल्या संघाने रोजच्या कामाचा माणूस देऊन पाचव्या दिवसाचा माणूस घेतला, ही चूक मला मोठी वाटते.

नियमही इथे सावधगिरीच शिकवतात. २०१९ पूर्वी ऑगस्टमध्ये वेगळ्या मार्गाने अदलाबदल करता येत असे. आता जुलैअखेरच्या सुमाराची ती एकच तारीख उरली आहे, त्यामुळे त्या दिवशी पडलेले खिंडार नंतरच्या अदलाबदलीने बुजवता येत नाही. शिवाय १० वर्षे लीगमध्ये आणि त्यातील शेवटची ५ वर्षे त्याच संघात काढलेल्या खेळाडूला अशा अदलाबदलीला नकार देण्याचा अधिकार असतो. तो अधिकार मॅनीकडे होता, आणि पुढील दोन वर्षांची ती कलमे रद्द झाल्यावरच त्याने होकार दिला.

वयाचा मुद्दा मात्र मी फार महत्त्वाचा मानत नाही. २००४ मध्ये आपल्या विभागात आघाडीवर असलेल्या डॉजर्सनी ३१ जुलैला ३२ वर्षांचा आउटफिल्डर डेव्ह रॉबर्ट्स बॉस्टनला एका नवख्याच्या बदल्यात दिला, कारण त्याच दिवशी अॅरिझोनाकडून ३९ वर्षांचा सेंटर फील्डर स्टीव्ह फिन्ली त्यांच्याकडे येत होता. म्हणजे एक अनुभवी आउटफिल्डर गेला आणि त्याहून सात वर्षांनी मोठा आला. २ ऑक्टोबरला जायंट्सविरुद्ध नवव्या डावात याच फिन्लीने सर्व बेस भरलेले असताना होम रन मारून विभागाचे विजेतेपद नक्की केले. रॉबर्ट्सने काही दिवसांनी यँकीजविरुद्ध चोरलेला (फटका बसण्याची वाट न पाहता धावत गाठलेला) दुसरा बेस बॉस्टनमधले शाळकरी मूलही सांगेल, पण त्यामुळे डॉजर्सचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

आपल्या प्रश्नातील खेळाडूचा करार संपत आला आहे, म्हणून तो फुकट जाईल ही भीती क्लबला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्ण हंगाम त्याच संघात काढणाऱ्या खेळाडूला क्लब हंगामानंतर एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव देऊ शकतो, आणि तो नाकारून खेळाडू दुसरीकडे गेला तर भरपाई म्हणून ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातील, एक निवड मिळते. असा प्रस्ताव एका खेळाडूला एकदाच देता येतो, पण आपल्या खेळाडूला तो पूर्वी मिळालेला नसेल, तर त्याला ठेवूनही हात अगदी रिकामे राहत नाहीत. त्याचे पाय मंदावले असतील आणि आउटफिल्डमध्ये चेंडू निसटत असतील, तर २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही गटांत (अमेरिकन आणि नॅशनल लीग) फक्त बॅटिंग करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरची जागा आहे, तिथे त्याला खेळवावे आणि मैदानातली त्याची जागा तरुण खेळाडूला द्यावी. त्या जागेवरही आधीच कोणी चांगला बसलेला असेल आणि समोरचा संघ रोज खेळू शकेल असा आउटफिल्डर देत असेल, तर मात्र मी अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच फोन उचलेन.