दोन गटांतल्या मुलांना घेऊन नाटक बसवताय? आधी एवढं करा

एकमेकांशी भांडण असलेल्या दोन गटांतल्या मुलांना एकत्र आणून नाटक बसवायचा तुमचा उत्साह पाहून खूप बरं वाटलं. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट जागेची. तालीम एका गटाच्या हद्दीत ठेवलीत तर दुसरीकडची मुलं दोन दिवस येतील, मग घरचे पाठवणार नाहीत. दोघांनाही आपली वाटेल अशी जागा शोधा. तालीम घेणारेही दोन्हीकडचे हवेत.

दुसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: भांडणाचा विषय पहिल्याच दिवशी काढू नका. ही चूक मीही केली होती. अर्धी मुलं परत आलीच नाहीत. आधी ताल, हालचाल, आवाजाचे खेळ घ्या. माझ्या नंतरच्या एका नाटकाच्या तालमीत दोन्हीकडच्या दोन मुली तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पण एकीचा ताल चुकला की दुसरी मांडीवर बोटांनी मात्रा मोजून दाखवायची. गाडी तिथूनच पुढे सरकली. पियानोवादक आणि वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला, त्यातही शेजारी बसून, एकमेकांचं ऐकूनच वाजवावं लागतं.

आणखी दोन चुका टाळा:
- कुणालाही स्वतःचं दुःख रंगमंचावर मांडायला लावू नका. तो निर्णय त्याचाच.
- प्रयोगाची तारीख घाईने जाहीर करू नका.

संहिता, प्रेक्षकांशी चर्चा वगैरे नंतर बघू. आधी सहा तालमी होऊ द्या, मग कोण टिकलं ते कळवा.