हेक्टरचं धावणं

प्रश्न : सर, ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात देवच लढाई फिरवतात, मग वीरांची कीर्ती कसली? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, सिद्धेश्वर तलावाकाठी बाविसावा सर्ग वाचताना मीही असाच अस्वस्थ झालो होतो. ग्रीक वीर अकिलीस आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर समोरासमोर येतात. अकिलीसचा भाला हुकतो, त्याच्या बाजूची देवी अथेना तो हेक्टरच्या नकळत परत आणून देते. हेक्टरचा भाला ढालीवरून उसळतो. तो भाऊ डिफोबसकडे दुसरा मागतो, तर शेजारी कोणीच नाही! भावाच्या रूपात अथेनाच होती. (कर्णाची कवचकुंडलं मागून नेणारा इंद्र आठवतो ना?) फसवणूक उमगल्यावरही हेक्टर तलवार उपसून धावतो, पुढच्यांनी ऐकावं असं काही करूनच त्याला मरायचंय. ग्रीकांचं ‘क्लेऑस’ म्हणजे ही कानोकानी उरणारी कीर्ती. ते धावणं कुठल्या देवाने दिलेलं नाही. म्हणून मला अकिलीसपेक्षा हेक्टरच थोर वाटतो.