वाचकांचे प्रश्न : बिग साउथ फोर्कला घोड्यांसह तीन दिवस

प्रश्न : आम्ही नॅशव्हिलला राहतो. माझी 14 वर्षांची मुलगी दोन वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. तिच्या तबेल्याच्या मालकीणबाईंनी ऑक्टोबरच्या सुट्टीत दोन घोडे आणि ट्रेलर द्यायची तयारी दाखवली आहे. बिग साउथ फोर्कला (टेनेसी-केंटकीच्या सीमेवरचा नदीकाठचा राखीव डोंगराळ प्रदेश) तीन दिवस तंबूत राहायचं आणि रोज रपेट करायची, असा बेत आहे. वाईहून आलेले माझे सासरेही (वय 71) घोड्यावर बसायचं म्हणताहेत. लहानपणी त्यांच्या घरी टांगा होता. जागा, रस्ता, सामान कसं ठरवावं?
— एक वाचक, नॅशव्हिल

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, पण मालकीणबाई स्वतः येणार आहेत का, ते त्यात कुठेच नाही. त्यांना आग्रहाने बोलवा. दोन वर्षं रिंगणात शिकलेली मुलगी घोडा छान चालवत असेल, पण रात्री दोन वाजता घोड्याचं काही बिनसलं तर ते ओळखायला अनुभवी माणूस हवा. त्या येत नसतील, तर या वर्षी घोडे नेऊ नका, असंच मी सांगेन.

हे मी भोगलंय म्हणून लिहिते. आमच्या पहिल्या सहलीत माझी घोडी संध्याकाळी पाण्याला तोंड लावेना. बादलीत नाक घालायची, फुंकर मारायची आणि मान वळवायची. मला वाटलं, तहान लागली की पिईल. वैरणही मी वाटेत नवीनच घेतली होती. मध्यरात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली आणि सारखी स्वतःच्या कुशीकडे बघू लागली. कुशीला कान लावला, तर एरवी आतून जी गुरगुर ऐकू येते ती जवळजवळ बंद. पोटशूळ! घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याचं पोट दुखणं जिवावर बेतू शकतं. फोनला रेंज नव्हती. नवरा गाडी घेऊन दूर मोठ्या रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा पशुवैद्याशी बोलणं झालं. त्यांनी सांगितलं म्हणून कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात मी तिला हळूहळू फिरवत राहिले. पहाटे तिने लीद टाकली, तेव्हा तिच्या गळ्यात पडून मी रडले.

म्हणून सामानाची यादी घोड्यापासून सुरू करा. साधारण 450 किलोच्या घोड्याला दिवसाला 8-9 किलो वैरण आणि 30 ते 40 लिटर पाणी लागतं. वैरण आणि चंदी (दाणे) तबेल्यातलीच न्या, तीही एका दिवसाची जास्त. परक्या पाण्याचा वास घोड्यांना खपत नाही. आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावा आणि तिथेही तोच घाला. शिवाय घरचं पाणी कॅनमध्ये भरून घ्या. कॉगिन्स तपासणीचा निर्दोष अहवाल (हा रक्तातून पसरणाऱ्या एका संसर्गासाठी असतो) प्रत्येक घोड्याचा हवाच, आणि तो बारा महिन्यांच्या आतला हवा.

जागा म्हणाल तर स्टेशन कॅम्पचा घोडेवाल्यांचा तळ घ्या. तिथे घोडे बांधायची सोय आहे, पाणी आहे. अठराव्या शतकात महिनोन्‌महिने शिकारीला येणारे लोक याच भागात तळ टाकत, त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) 1974 साली राखलेला हा प्रदेश सव्वा लाख एकरांचा आहे. तीन दिवसांत सगळं बघायचा मोह आवरा. डोंगराळ वाटेवर घोडा चालत तासाला फार तर पाचेक किलोमीटर जातो. पहिल्या दिवशी फक्त तळाभोवती फिरा, दुसऱ्या दिवशी 12-15 किलोमीटर पुरे. स्टेशन कॅम्पजवळ घोडे नदी ओलांडतात, पण आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर रेंजरना विचारल्याशिवाय पाण्यात घोडा घालू नका.

जेम्सटाउनकडून 297 नंबरच्या रस्त्याने आलात, तर लेदरवूड फोर्डला रस्ता थेट घळईत उतरतो आणि तसाच पलीकडे चढतो. ट्रेलर घेऊन तिथे जाऊ नका. आय-40 ने हॅरिमन, मग यूएस 27 ने ओनायडा, हा वळसा लांबचा असला तरी घोड्यांच्या पायांना सोसतो. आणि घड्याळ विसरू नका : तिथे नॅशव्हिलपेक्षा एक तास पुढे असतो. तुमचे तीन म्हणजे तिथले चार, आणि ऑक्टोबरअखेर सातच्या आत अंधार पडतो. घोडे उतरवून, पाणी दाखवून मग तंबू लावायचा, म्हणजे पहाटेच निघायला हवं.

शिकारीचा हंगाम असल्यामुळे सगळ्यांना भडक केशरी जाकीट हवं. 1990 च्या दशकात या भागात काळी अस्वलं पुन्हा आणून सोडली, त्यामुळे भाजणी, तूप, लाडूच काय, घोड्यांची चंदीसुद्धा रात्री गाडीत कुलुपात ठेवा. हेल्मेट घोडेस्वारीचंच, सायकलचं नको. बुटांना टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो. निघाल्यावर दहा मिनिटांनी उतरून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळायचा, कारण खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात.

आता सासरे. त्यांना नाही म्हणू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, म्हणजे 90 किलोच्या आत असावं. पाश्चात्त्य धाटणीचं खोगीरच 15 किलोच्या आसपास भरतं, तेव्हा हिशेब आधीच करा. चढायला पायरीचा ठोकळा ठेवा, मालकीणबाईंनी लगाम हातात धरून चालावं, तळावरच्या सपाट जागी अर्धा तास. डोंगरउतारावर नेऊ नका. गुडघ्यांना ते झेपत नाही आणि अवघड वाटेवर मध्येच उतरावं लागलं तर त्यांची पंचाईत होईल. पण सकाळचा खरारा त्यांच्याकडेच सोपवा. टांग्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात घोड्याला लगेच कळतो, आणि तुमच्या मुलीला त्यांच्याकडून शिकायला मिळेल.

निघण्याच्या दोन आठवडे आधी तबेल्याच्या आवारातच दोन्ही घोडे एक रात्र दावणीला बांधून बघा. दोर झाडाच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळून मगच बांधा, म्हणजे साल सोलत नाही. मुलगी आणि मालकीणबाई दोघींनी त्या रात्री शेजारी झोपावं. घोडे रात्रभर पाय आपटत, एकमेकांना हाका मारत राहिले, तर मला पुन्हा लिहा. तारीख पुढे ढकलू आणि तोवर काय सराव करून घ्यायचा ते सांगेन.