आयुष्मान कार्डातून वृद्धाश्रमाचे शुल्क भागते का?
नाशिकमधील वृद्धाश्रमात ७६ वर्षांच्या आईला ठेवल्यास आयुष्मान कार्डातून मासिक शुल्क भागेल का, असे आपण विचारले आहे. भागणार नाही. ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, २०२४ पासून मिळणारे वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आयुष्मान भारत योजनेशी संलग्न रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते आहे. राहणे, जेवण आणि अंघोळ घालण्यापासून रात्री उठवून बसवण्यापर्यंतची सेवा, जिची वृद्धांना खरी गरज असते, त्यात येत नाही. तरीही कार्ड अवश्य काढावे. खुब्याचे हाड मोडल्यास ते फार उपयोगी पडते. शुल्क निवृत्तिवेतन, बचत किंवा भावंडांच्या वाट्यातूनच भरावे लागेल. भावंडे टाळाटाळ करत असतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईंना मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा यासाठी निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.