दातांना तारा लावण्याआधी थ्रीडी स्कॅन कशाला? दात सरकतोय हे एक्स-रेत दिसतं का?

ताई, तुमची लेक 13 वर्षांची, वरचा एक सुळा अजून आलेला नाही आणि तारा लावण्याआधी गुहागरहून चिपळूणला येऊन थ्रीडी स्कॅन काढायला सांगितलंय. एवढ्याशा पोरीला किरणं कशाला, ही तुमची काळजी. मी चिपळुणातच एक्स-रे टेक्निशियन आहे, दातांचे एक्स-रे हेच माझं रोजचं काम. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण जे रोज बघतो ते सांगतो.

या एका स्कॅनला नाही म्हणू नका. न आलेला सुळा बऱ्याचदा टाळूच्या बाजूला आडवा अडकलेला असतो आणि कधीकधी शेजारच्या दाताचं मूळ खातो. ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या त्या लांबट एक्स-रेत, सगळं एकावर एक येतं, त्यामुळे सुळा पुढे आहे की मागे हे खात्रीने ठरत नाही. तो कुठून ओढायचा ते तर त्यावरच ठरतं.

किरणांचं म्हणाल, तर ओपीजीत साधारण 10 ते 25 मायक्रोसीव्हर्ट (हे किरणं मोजायचं माप) मिळतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2400 मिळतातच, म्हणजे ओपीजी हा दोन-चार दिवसांचा हिशोब. थ्रीडी स्कॅनला त्याहून बरेच जास्त लागतात, आणि किती ते भाग केवढा घेतला त्यावर असतं. म्हणून ‘फक्त सुळ्यापुरता भाग घ्या’ असं चिठ्ठीवर लिहून आणा. पुढे कोणी पुन्हा स्कॅन सांगितला, तर त्याने उपचारात काय बदलणार आहे ते बिनधास्त विचारा.

आता सरकण्याचं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा जिवंत पडदा असतो. तारेने दाब आला की पुढचं हाड विरघळतं, मागे नवीन भरत येतं. वेग महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. एवढंसं सरकणं एका फोटोत कधीच दिसत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो एकमेकांवर बसवावे लागतात आणि ते बसवायला न हलणारी खूण लागते. भरती किती चढली हे होडीकडे बघून कळत नाही, जेट्टीच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. तोंडातले दात म्हणजे सगळ्या होड्याच, शिवाय वाढत्या वयात जबडाही वाढतो.

त्यासाठीच 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं एका जागी धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत आणली. आजही सेफ, म्हणजे हाच बाजूचा एक्स-रे, काढताना मी मुलांच्या दोन्ही कानांत छोट्या दांड्या बसवतो, त्या त्याचसाठी. मुलं गुदगुल्या होऊन हसतात, मग परत नीट उभं करायचं. कवटीच्या तळाचा पुढचा भाग वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास जवळजवळ स्थिर होतो. दोन्ही एक्स-रे त्यावर जुळवले की दात आणि जबडा कुठे गेले ते दिसतं.

दुसरी खूण किरणांशिवायची. लेकीला वरच्या पुढच्या दातांमागे टाळूवर जीभ फिरवायला सांगा. तिथे वळ्या लागतील. त्यांतल्या मागच्या वळ्या फारशा जागा सोडत नाहीत. तोंडात फिरवायच्या कॅमेऱ्याने दातांचं माप दर काही महिन्यांनी घेतलं आणि या वळ्यांवर जुळवलं, तर दाताचा वरचा भाग किती सरकला ते मोजता येतं. मूळ मात्र त्यात दिसत नाही, त्याला एक्स-रेच हवा.

मुळाचं एवढं सांगतोय कारण माझ्या भाच्याच्या तारा चालू असताना पुढच्या दातांची मुळं आखूड दिसली. ती मुळातच तशी होती की दाबाने झिजली? सांगणार कोण? 22 जुलै 2021 च्या पुरात त्याची पहिली ओपीजी घरातल्या कपाटात भिजून लगदा झाली होती आणि दवाखान्यातला कॉम्प्युटरही पाण्याखाली गेला होता. डॉक्टरांनी तीन महिने दाब थांबवला, नवा एक्स-रे घेतला आणि तिथून पुढे तुलना सुरू केली. आमच्या ताईचे ते तीन महिने कसे गेले ते मी पाहिलंय.

म्हणून स्कॅन झाला की फक्त फिल्म घेऊन निघू नका. पूर्ण फाइल मागा आणि घरी नेटवरही चढवून ठेवा. येताना लेकीचं कानातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना घरीच काढा. आणि मी ‘हलू नको’ म्हणालो की तिने जीभ टाळूला लावून गप्प उभं राहायचं, एवढं तिला आधीच सांगून ठेवा.